कालिंदीला नेसवली ती साडी

वहिनी, तू आता कुठे आहेस ते मला माहीत नाही. तिथून काही दिसत असेल असंही वाटत नाही. ऐकू मात्र येत असेल, असं मी धरून चालते. तर आपल्या नेहमीच्या पद्धतीने करू. मला दिसलं ते मी सांगते, तू ऐक, आणि मध्येच "फेकू नकोस हं मीने" म्हण.

परवा तुला मुलुंडच्या घरातून नेलं. हो गं, इथूनच. कागदावर तू अजून भावोजींची बायको, माझी थोरली जाऊ, म्हणून हॉस्पिटलने फोन त्यांना केला आणि त्यांनी तुला इथे आणलं. घाटकोपरची तुझी खोली, साकीनाक्याच्या पॅकिंग युनिटमधलं तुझं टेबल, सगळं राहिलं बाजूला. ज्या हॉलमधून तू एका दुपारी बॅग आणि इस्त्री घेऊन निघालीस, त्याच हॉलमध्ये तुला चटईवर ठेवलं, टीव्हीच्या बरोब्बर समोर. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? रिमोट कुठे आहे. लाज वाटली, पण आलं खरं.

आणि मग बोरिवलीच्या काकी आल्या, हातात पिशवी घेऊन. पिशवीतून हिरवी साडी डोकावत होती. ती मी लगेच ओळखली. कारण ही साडी मी आधी बघितली होती आणि तुला तिच्याबद्दल शब्द दिला होता.

ते सांगतेच. पण त्याआधी बाकीचे काय म्हणतात ते ऐकून घे. दोन दिवस घरात माणसांची ये-जा चालू आहे आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच: "सिरियली बघून बघून डोकं फिरलं होतं तिचं. नाहीतर या वयात कोण घर सोडतं? नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, मग झालं काय होतं तिला?" मी चहा देते आणि गप्प बसते, असं वाटलं ना तुला? नाही बसले. मी म्हटलं, "अहो, सिरियली मीपण बघितल्या. सोफ्यावर बसलेल्या या सगळ्यांनी बघितल्या. मग आम्ही का नाही गेलो?"  त्यावर सगळ्यांनी चहा संपवला.

तुला काय झालं होतं ते मला माहीत आहे. भावोजी तुझ्याशी बोलायचेच नाहीत. भांडण झालं म्हणून नव्हे, तशी सवयच. "पाणी." "डबा." "टॉवेल." एवढंच. मूल झालं नाही म्हणून नातेवाईक टोमणे मारायचे तेव्हाही ते तसेच, पेपरमध्ये डोकं. तू मला एकदा ओट्यापाशी म्हणालीस, "अगं, या माणसाने मला शेवटचं अख्खं वाक्य कधी ऐकवलं ते आठवत नाही मला." मी हसले, कारण मला वाटलं तू गंमत करतेयस. तू हसली नाहीस, लसूण सोलत राहिलीस.

त्या घरात अख्खी वाक्यं मिळायची ती फक्त संध्याकाळी, मालिकेत. आणि त्यातली सगळ्यात खणखणीत वाक्यं कालिंदीची असायची.

काय जीव होता तुझा त्या बाईवर! मोठ्या घरची थोरली सून, साड्यांचं दुकान, आणि हिला दुकानात गादीवर बसायचं असतं. बस, एवढाच तिचा गुन्हा. पण ती पडद्यावर आली की ढोल वाजायचे, कॅमेरा तीनदा तिच्या भुवईवर जायचा, आणि आई आपल्या खुर्चीवरून "इली अवदसा" म्हणायच्या. तू पोळी लाटता लाटता करवादायचीस. "दुकानात बसते म्हणाली तर ढोल! तिचा नवरा दुकानात झोपतो, त्याला सनई!" बाहीवरून बाई ओळखायची विद्याही तुझीच. बिनबाहीचा ब्लाउज म्हणजे खलनायिका, कोपरापर्यंत बाही म्हणजे सोशिक नायिका, फुग्याची बाही असली तर ती दोन महिन्यांत नायकाच्या प्रेमात पडणार. तुझं एकदाही चुकलं नाही. दुसऱ्या चॅनलवरची ती इन्स्पेक्टर बाई आठवते? वर्दीत होती तोवर तू तिची फॅन. लग्न झालं आणि ती तळणीत करंज्या सोडायला लागली त्या दिवशी तू तिचं नाव टाकलंस. "हिला आता ड्युटी लागली," म्हणालीस.

मला मात्र शुभदा आवडायची. धाकटी जाऊ. कोपरापर्यंत बाही, डोळ्यांत पाणी, हातात ट्रे. तू माझी किती टर उडवलीस गं तिच्यावरून! "रडूबाई." "ट्रेवाली." एकदा तर चिडून बोललीस, "तुला ती का आवडते सांगू? आपल्यापेक्षा जास्त सोसणारी कुणीतरी आहे, हे बघून बरं वाटतं तुला." मला लागलं ते. पुढचे दोन दिवस मी तुझ्याशी फक्त "मीठ" आणि "कढई" एवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी तू हात जोडलेस. "बाई, एकाने पुरे या घरात. तू तरी अख्खं वाक्य बोल." आपण दोघी एवढ्या हसलो की आईंनी आतून विचारलं, काय सांडलं म्हणून.

आणि मग तू गेलीस. मला न सांगता. वहिनी, याचा राग मला अजून आहे आणि तू मेलीस म्हणून तो मी सोडणार नाहीये. सगळ्यांसमोर तू जाऊबाई, पण ओट्यापाशी आपण तू-तू म्हणणाऱ्या, आणि तरी सांगितलं नाहीस. संध्याकाळी मालिका लागली आणि माझ्या शेजारी पोळपाट नुसता पडलेला, टीव्हीवर तू काढून ठेवलेलं मंगळसूत्र. आईंनी फर्मान काढलं, "तिचो फोन या घरात येवचो नाय." भावोजी म्हणाले, "चहा."

आठवडाभराने तूच फोन केलास, अगदी मालिकेच्या वेळेला. मी बाथरूममध्ये जाऊन घेतला. मला वाटलं रडशील, माफी मागशील. तर तू काय विचारावंस? "कालिंदी दुकानात बसली का?" मी म्हटलं, "तू स्वतः बघ की." तर म्हणालीस, "टीव्ही कुठेय इथे? आधी गॅस, मग फ्रिज. टीव्हीचा नंबर लागायला वेळ आहे. तू सांग ना."

तिथून ते सुरू झालं. माझ्या गाऊनला तूच शिवून दिलेला खिसा होता. तुझा तो हट्टच होता, बाईच्या प्रत्येक कपड्याला खिसा पाहिजे. त्या खिशात चालू फोन ठेवून मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचे. मांडीवर भाजी, समोर टीव्ही. संवाद तुला ऐकू जायचे आणि जे नुसतं दिसायचं ते मी खालच्या आवाजात सांगायचे. "आता ती जिना उतरतेय. जांभळी साडी आहे. नवऱ्याकडे बघितलंच नाही हं तिने, किल्ली उचलली." ब्रेक लागला की तू सुरू. साबणाच्या जाहिरातीत आपलं भांडण, चहाच्या जाहिरातीत समेट.

एक दिवस भावोजींनी आवाज अगदी बारीक केला आणि आत गेले. तू फोनमधून कुजबुजतेयस, "काही कळत नाही गं, काय म्हणाली ती?" मी काय करणार? रिमोट आईंच्या खुर्चीच्या हातावर. तेवढ्यात आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीना, टीव्ही मोठो कर. माका आयकाक येणा नाय."

ज्या बाईला आतल्या खोलीत झोपलेली असताना दूध वर आलेलं ऐकू येतं, ती बाई! मी आवाज मोठा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. भावोजी कपाळाला आठ्या घालायचे आणि आई ठणकावून सांगायच्या, "कान गेले माझे, काय करू?" तू मला विचारलंस, "सासू बहिरी झाली की शहाणी?" मी म्हटलं, विचारत नाही बाई, विचारलं तर बंद पडेल. म्हणून आपण दोघींनी ते कधीच विचारलं नाही. आभार मानायचेही राहिले.

पुढे तू स्मार्टफोन घेतलास. अ‍ॅपवर सगळे भाग होते, हवे तेव्हा बघता आले असते. दोन दिवस बघितलेस आणि पुन्हा फोन. "नको गं. ते फारच पांचट आहे. तू सांगतेस ती सिरियल बरी." वहिनी, हे तू सहज बोलून गेलीस. माझं काय झालं ते तुला सांगितलं नाही, आता सांगते. लग्न होऊन आल्यापासून या घरात माझं बोलणं कुणी सलग ऐकलं नव्हतं. सांगायला लागले की हे म्हणायचे, "थोडक्यात सांग." आणि तू साकीनाक्यात दिवसभर खोकी मोजून, मुलींना पॅकिंग शिकवून, दमून खोलीवर यायचीस आणि माझ्या तोंडून एका साडीचा रंग ऐकायला थांबायचीस. "जांभळा म्हणजे कसा? वांग्याचा की जांभळाचा?" असं कुणी मला विचारलं नव्हतं. मी बोलायला शिकले ती तुझ्यामुळे. लेखबिख लिहिणारी मी कोण, पण आज हे एवढं लिहितेय ना, तेही त्याच खिशातून आलंय.

आता साडीचं.

कालिंदीला मारलं त्यांनी. आठवतंय ना? आधी तिला पश्चात्ताप दिला. जिने जन्मभर गादी मागितली, तिने शेवटी नवऱ्याचे पाय मागितले. शुभदाच्या मांडीवर डोकं ठेवून "मी चुकले" म्हणाली आणि गेली. मग तिला हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, ओटीत नारळ. सगळे म्हणतायत, सवाष्ण गेली, भाग्याची. मागे सनई. पहिल्यांदाच तिच्यामागे सनई वाजत होती. मी सगळं सांगत गेले. ब्रेक लागला.

मग तू विचारलंस, "हिरवी नेसवली?"

"नेसवली."

"मंगळसूत्र?"

"घातलं. नवऱ्यानेच घातलं."

"तिला विचारलं कुणी?"

"अगं, मेलीय ती, वहिनी."

"मेली म्हणून विचारायचं नाही?" तुझा आवाज चढला. "एवढी वर्षं जीव तोडून भांडली आणि शेवटी बाहुलीसारखी सजवून ठेवली. आता लोकांना काय आठवणार? साडी! मीने, ऐक. माझं असं केलंत तर उठून बसेन. तुझ्या गळ्याची शपथ, उठून बसेन."

मी हसले. "नाही गं होऊ देणार," म्हटलं. जाहिरात संपत आली होती, घाईत बोलले. पण बोलले.

आणि परवा काकींनी तीच साडी पिशवीतून काढली. चुडा, गजरा, खणाची ओटी, काळ्या मण्यांची पोत. "कशीही वागली तरी सोनं झालं हो तिचं," म्हणाल्या. "नवऱ्याआधी गेली. चला, हात लावा सगळ्या." बायका पुढे सरकल्या.

सकाळी तुझं आधार कार्ड आणायला मी घाटकोपरच्या खोलीवर गेले होते. दाराच्या खिळ्याला तुझा राखाडी कुर्ता इस्त्री करून टांगलेला होता, दोन खिसेवाला, दुसऱ्या दिवशी कामावर घालायचा. तो मी घडी करून माझ्या पर्समध्ये टाकला होता. टाकला खरा, पण बाहेर काढायला हात उठेना. सोफ्यावर, दारात, पॅसेजमध्ये अख्खं गाव. माझा नवरा मला डोळ्यांनी दटावतोय. मला रोज याच घरात राहायचंय, वहिनी. तू उठून घाटकोपरला गेलीस. मी कुठे जाणार होते?

मी म्हटलं, "काकी, हे नको." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

काकी म्हणाल्या, "काय गं?" आणि भावोजी, जे सकाळपासून खिडकीशी पाठ करून उभे होते, त्यांनी वळून एकच शब्द टाकला.

"साडी."

खोटं नाही सांगत. तुझ्या शेवटच्या दिवशीसुद्धा एकच. काकींनी घडी मोडली. तो हिरवा कसा होता सांगते, तू विचारशीलच: कच्च्या कैरीचा, चकचकीत, तुला मुळीच शोभला नसता.

तेवढ्यात खुर्चीवरून आई बोलल्या. काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या, नजर तुझ्यावर. "मीना, काय म्हणतस? मोठ्यान बोल. माका आयकाक येणा नाय."

 मला कळलं त्या काय करतायत. तुला पण कळलं असतं.

मग मी बोलले. पॅसेजच्या टोकाला लिफ्टपाशी उभ्या होत्या त्यांनासुद्धा ऐकू गेलं म्हणे. मी म्हटलं, "हिने मंगळसूत्र स्वतःच्या हाताने काढून या टीव्हीवर ठेवलं होतं. आपण सगळ्यांनी बघितलंय. जिवंतपणी जे तिने काढलं ते मेल्यावर कुणी घालायचं नाही. ही कुणाची सवाष्ण म्हणून गेली नाही. कामावर गेली होती, तिथे चक्कर आली आणि गेली. तिला कामाच्या कपड्यांतच न्यायचं. तिने मला सांगून ठेवलंय आणि मी शब्द दिलाय. ज्यांना पटत नसेल त्यांनी बाहेर थांबा." आणि कुर्ता काढून तुझ्या अंगावर ठेवला. 

काकी आईंकडे बघायला लागल्या. आई म्हणाल्या, "आयकलंस मा? मग ती साडी पिशयेत घाल."

पडदा ओढून आम्ही तीन-चार बायकांनी तुला तयार केलं. तुझ्या युनिटमधल्या दोन मुली आल्या होत्या, त्यांनी केस विंचरून नेहमीसारखे मागे बांधले. आई काठी टेकत आल्या. तुझा चष्मा त्यांच्या मुठीत होता, हॉस्पिटलच्या पिशवीतून कधी काढून घेतला देव जाणे. तो त्यांनी तुझ्या खिशात सरकवला आणि वरून थोपटला. "तिका दिसाक व्हया," म्हणाल्या. मी तोपर्यंत रडले नव्हते. तेव्हा मात्र ओक्साबोक्शी रडले.

आता इकडची हालहवाल. काकींनी कळवलंय की त्या तेराव्याला पाऊल ठेवणार नाहीत. नका ठेवू, म्हटलं, तेवढ्या पोळ्या कमी. पितृपक्षात नवमीला तुझ्या नावाने सवाष्ण जेवायला घालायचा कुणाचा तरी विचार आहे. बघू कोण घालतं. त्या दिवशी मी तुझ्या त्या दोन पोरींना बोलावणार, त्यातली एक बिनलग्नाची आहे आणि दुसरी नवऱ्याला सोडून आलेली. भावोजी मी केलेलं जेवत नाहीत, बाहेरून डबा आणतात. हे म्हणाले, "चारचौघांत शोभा केलीस." मी म्हटलं, "केली. आणि थोडक्यात नाही केली."

सुतक आहे म्हणून टीव्हीवर चादर टाकलीय. काल मालिकेच्या वेळेला माझा हात आपोआप खिशात गेला. फोन काढला, तुझं नाव लावलं, मग ठेवून दिला. आई बघत होत्या.  त्या वेळेला घर एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. फार वाईट वाटतं गं वहिनी. दिवसा मी सगळ्यांशी भांडते, पण मालिकेचा तो अर्धा तास मला काढता येत नाही.

पण आपलं एक भांडण राहिलंय आणि ते मी अर्धवट सोडणार नाही. तू मला जन्मभर शुभदा म्हणून चिडवलंस. ट्रेवाली, रडूबाई, घरात राहून सोसणारी. आणि स्वतः मिरवलीस कालिंदी म्हणून. मान्य, होतीसच तू कालिंदी, तुझ्यासारखी दुसरी मी बघितली नाही. पण परवा काकी ती साडी घेऊन आल्या तेव्हा तुझी कालिंदी काय करत होती गं? शपथा घालून, उठून बसेन म्हणून धमक्या देऊन, चटईवर आडवी पडली होती. उठली नाहीस. मी वाट बघितली.

उभी होती ती शुभदा. आता बोल.